अर्धं मातीत, अर्धं बरणीत

सोमवारी सकाळी फाउस्तोने मेयोनेझची बरणी काउंटरवर ठेवली, तेव्हा पलीकडे कोण उभं आहे याकडे त्याचं लक्षच नव्हतं. बरणी त्याने जाड विणलेल्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरून आणली होती. 

"पेशंटचं नाव?" पलीकडून वहीतून मान न काढताच कोणीतरी विचारलं.

"सेफेरिना," म्हणताना त्याने मान वर केली आणि तो तसाच थांबला. समोर पांढऱ्या एप्रनमध्ये त्याच्या बायकोची भाची नोएमी होती. ती त्याच्याच घरात वाढलेली.

"तू इथे काय करतेस?"

"शिकते, काका."

"कॉलेज तर रस्त्यापलीकडे आहे."

"हेही कॉलेजचंच आहे."

फाउस्तोने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. फळ्यांवर बरण्यांच्या रांगा होत्या. "मेलेल्यांच्यात?" त्याने विचारलं.

"बहुतेक सगळे जिवंत आहेत, काका. रस्त्याने हिंडत असतील आता."

तो हसला नाही. "मला उशीर झाला आणायला. मावशीला बोलू नकोस," एवढं म्हणून तो पावती न घेताच निघून गेला.

सुक्रे शहरात ऑपरेशनात जे काढलं जातं ते नातेवाइकांनीच प्रयोगशाळेत पोचवायचं असतं. नर्स दार उघडते, नाव पुकारते, मांस टिकवणारं फॉर्मॅलिन ओतलेली बरणी हातात देते. बरणीही घरूनच आणलेली असते. मिनीबसमध्ये मांडीवर अशी बरणी घेऊन बसलेला माणूस दिसला की शेजारचा जरा सरकून बसतो, विचारत काही नाही. शुक्रवारी दुपारी सेफेरिनाच्या उजव्या स्तनातली गाठ काढली, तेव्हा प्रयोगशाळा बंद व्हायच्या बेतात होती. बरणी फाउस्तोकडेच राहिली आणि शनिवार-रविवार तशीच गेली.

नोएमी लिमाची एकोणीस वर्षांची, मेडिकलच्या पहिल्या वर्षाला. तिचं गाव ताराबुकोच्याही वर, डोंगरात. आई ब्वेनोस आयरेसला शिलाईच्या कारखान्यात आहे, वर्षातून एकदा येते, कधी तेही नाही. मुलीला वाढवलं मावशीने. सेफेरिना शेतकरी बाजारात उकडलेला मका आणि बाकल्याच्या शेंगा विकते. नोएमीला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा तिने बाजारातल्या सगळ्या बायकांना चिचा, मक्याची दारू, पाजली आणि सांगितलं, आमची मुलगी लहान मुलांची डॉक्टर होणार. नोएमीनेच तसं सांगितलं होतं. तेव्हा तिला ते खरंही वाटत होतं.

पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांनी पोरांना वॉर्डात नेलं आणि एकेका खाटेपाशी बसवलं. पेशंटशी नुसतं बोला, म्हणाले. नोएमीच्या वाट्याला पोटोसीकडचा एक म्हातारा खाणकामगार आला. तो तिच्याशी केचुआत, डोंगरातल्या त्यांच्या भाषेत, बोलला. गाव विचारलं, आईबापांची चौकशी केली आणि मग म्हणाला, "खरं सांग पोरी, मी यातून उठणार का?" नोएमीच्या तोंडून शब्द फुटला नाही. शेवटी म्हाताऱ्यानेच तिचा हात थोपटला. "जाऊ दे. तुला अजून शिकवलं नसेल."

ती तिथून उठली ती तळमजल्यावर पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे जायचं असं काही ठरलेलं नव्हतं. खाली गर्दी नसते एवढंच तिला माहीत होतं. डॉक्टर ग्रासिएला उरियोस्ते मायक्रोस्कोपवर वाकलेल्या होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "हात रिकामे असतील तर त्या काचपट्ट्या पुसून ठेव. कडा धर, मध्ये बोट लावू नको." नोएमीने पट्ट्या पुसल्या. दुसऱ्या दिवशी परत आली. महिनाभराने डॉक्टरांनी तिला एक पट्टी दाखवली. गुलाबी-जांभळ्या पेशींची ती नक्षी पाहून ती बराच वेळ डोकं वर काढेना.

वर्गातली पोरं चिडवायची. "लिमाची, तुझे पेशंट तक्रार करत नाहीत, बरं आहे." "फी पण देत नाहीत." डॉक्टरांनी एकदा विचारलं, "हे का आवडतं तुला?" नोएमी म्हणाली, "इथे शंका आली तर परत बघता येतं." हे खरं होतं, पण निम्मं. इथे कोणी तोंडावर विचारत नाही आणि कोणाला तोंडावर सांगावं लागत नाही, हे उरलेलं निम्मं तिने सांगितलं नाही. पॅथॉलॉजीच घ्यायची हे तिने मनाशी जवळजवळ पक्कं केलं होतं. घरी मात्र अजून लहान मुलांची डॉक्टरच चालू होती.

त्या सोमवारी डॉक्टरांनी बरणी उघडली आणि तुकडा पाटावर ठेवला. नोएमी शेजारी हातमोजे घालून उभी होती. बरणीवरचं नाव आपल्या मावशीचं आहे, हे ती बोलली नव्हती. बोलली असती तर डॉक्टरांनी तिला बाहेर काढलं असतं, आणि तिला बघायचं होतं.

डॉक्टरांनी चिमट्याने तुकडा उलटला, मग पुन्हा सुलटा केला.

"दोरे किती दिसतात तुला?"

"एक. लांब."

"हा सर्जन नेहमी दोन बांधतो. लांब काखेकडे, आखूड गळ्याकडे. म्हणजे तुकडा शरीरात कसा होता ते मला कळतं. आखूड कुठे गेला?"

नोएमीने बरणीच्या तळाशी पाहिलं. दोरा नव्हता.

"आणि ही बाजू बघ. तीन बाजू खडबडीत, ही एकदम सपाट. एका घावात कापलीय. ही सर्जनची सुरी नाही, पोरी. ही स्वयंपाकघरातली." डॉक्टरांनी सर्जनला फोन लावला. बोलणं थोडक्यातच झालं. तुकडा कोंबडीच्या अंड्याएवढा होता, दोन दोरे बांधले होते, गाठ हाताला कडक लागली होती. पाटावर होतं ते अर्धं अंडं.

डॉक्टरांनी तुकड्याच्या पातळ चकत्या केल्या. मऊ, पिवळट चरबी, मध्ये पांढरे धागे. सुरी सहज चालत होती. सपाट बाजूच्या कडेला आली तेव्हा मात्र किंचित करकरली, वाळूवरून गेल्यासारखी.

"ऐकलंस?"

"हो."

"काय असेल ते या कापाच्या पलीकडे आहे. इथे फक्त त्याची कड असेल, किंवा तीही नसेल. दोन दिवसांनी काचपट्टीत मला काही दिसलं नाही तर काय लिहू? मिळालेल्या भागात रोग नाही. भाग अपुरा आहे, हेही लिहीन. पण सर्जन पहिलं वाक्य वाचेल, बाई तेवढंही वाचणार नाही. ती घरी जाईल आणि वर्षभराने परत येईल." त्यांनी सुरी खाली ठेवली. "लोक कधीकधी दोन डॉक्टरांकडे अर्धं अर्धं देतात. बरणी कोणी आणली होती?"

"माझ्या काकांनी."

डॉक्टरांनी प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं.

"सेफेरिना माझी मावशी आहे. अर्धं दुसऱ्या डॉक्टरकडे नसणार. काका शनिवारी गावाला गेले होते, आजीने पुरलं असणार."

 गावाकडे शरीरातून निघालेलं घरच्या मातीत जातं, बाळंतपणातली वार असो की कापलेलं बोट. नाहीतर माणसाचा जीव त्या तुकड्यामागे भटकत राहतो आणि माणूस उठत नाही, असं मानतात. डॉक्टरांना हे ठाऊक होतं. "तपासून झालेलं मागायला नंतर येतात लोक," त्या म्हणाल्या. "आधीच वाटणी करून देणारे हे पहिलेच. हातमोजे काढ तू. तुझ्या घरचं आहे, आता हात लावायचा नाही."

नोएमीने हातमोजे काढले. "मातीत टिकलं असेल का?"

"एखादा दिवस तरी फॉर्मॅलिनमध्ये होतं ना? मग मांस पक्कं झालंय, लगेच सडणार नाही. कुत्र्यांनी उकरलं नसेल तर मिळेल. पाऊस पडला, पाणी मुरलं, तर माझ्या उपयोगाचं राहणार नाही." त्यांनी स्वच्छ बरणीत द्रव ओतून झाकण घट्ट लावलं. "मी येत नाही. मी आले तर पोलीस आल्यासारखं होईल आणि मग तुझी आजी काही दाखवणार नाही. तू जा."

फाउस्तो बाजाराच्या मागे ट्रकमध्ये बटाट्याची पोती चढवत होता. नोएमीला येताना पाहून त्याने पोतं खाली ठेवलं.

"कळलं ना तुला?"

"का कापलं, काका?"

"शनिवारी गावाला माल घेऊन गेलो होतो. बरणी गाडीत होती. तुझी आजी म्हणाली, सगळं दे. मी म्हटलं, डॉक्टर मागतील. ती म्हणाली, लेक माझी आहे. मग काय करू? अर्धं तिला दिलं, अर्धं डॉक्टरांना. म्हटलं कोणाचंच मन मोडायला नको." त्याने तळहात पँटला पुसले. "मटणाचंही तपासायला एवढंच लागतं ना. एका तुकड्यावरून कळतं."

"हे मटण नाही, काका. आजार कोपऱ्यात बसलेला असतो. तो कोपरा तुम्ही आजीला दिला."

फाउस्तो ट्रकच्या पायरीवर बसला. 

सेफेरिना घरी कॉटवर उशांना टेकून बसली होती. सगळं ऐकून घेतल्यावर पहिलं ती नवऱ्याला म्हणाली, "तुला मी साधा टोमॅटो चिरायला देत नाही." मग नोएमीला म्हणाली, "आणि तू काय, मेलेल्यांची डॉक्टर व्हायला निघालीस? मी बाजारात काय सांगत फिरते आणि तू काय करतेस?"

"ते नंतर, मावशी. आधी हे. काढू का ते?"

सेफेरिनाने छातीवरच्या पट्टीवरून हात फिरवला. ते उकरून काढावं असं तिला वाटत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण आईच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती, पन्नाशी जवळ आली तरी. "आईला विचार," ती म्हणाली. "ती नाही म्हणाली तर चोरून उकरायचं नाही. तसं केलंत तर मला ते नको."

मंगळवारी सकाळी ट्रक डोंगर चढत होता तेव्हा पश्चिमेकडून ढग येत होते. फाउस्तो दर वळणावर वर बघत होता. नोएमी बरणी मांडीवर धरून बसली होती.  एकदा फाउस्तो म्हणाला, "ती ऐकणार नाही." मग जरा वेळाने, "माझं तर ऐकतच नाही."

आजी तोमासा अंगणात भिंतीला टेकून लोकर कातत होती. नोएमी बरणी घेऊन उतरली, तरी आजीने टकळी फिरवणं थांबवलं नाही आणि बसाही म्हणाली नाही.

"राहिलेलं आणलंस?" तिने विचारलं.

"नाही, आजी. न्यायला आलेय."

"फाउस्तो, गाडी वळवून ठेव."

फाउस्तो जागचा हलला नाही. नोएमी आजीसमोर मातीत बसली. गाठ म्हणजे काय, कापाच्या कडेला सुरी कशी करकरली, उरलेला भाग न पाहता काहीच का सांगता येत नाही, हे ती केचुआत एकेक करून सांगत गेली. आजीने शेवटपर्यंत ऐकलं.

"सेफेरिना शनिवारी तापली होती," आजी म्हणाली. "रविवारी मी पुरलं. सोमवारी ताप उतरला. फाउस्तोनेच फोन करून सांगितलं. विचार त्याला."

"उतरला," फाउस्तो पुटपुटला.

"मग आता उकरून काढू? परत ताप भरला तर तू डॉक्टरीण काय करशील?"

 ऑपरेशननंतर ताप येतो आणि उतरतो, असं नोएमी म्हणाली. आजी म्हणाली, सगळंच येतं आणि उतरतं. डोंगरापलीकडे गडगडलं. कुठल्यातरी घरातली बाई अंगणातले चुन्यो, वाळत घातलेले बटाटे, घाईने गोळा करत होती.

"तुझी ती डॉक्टर," आजी म्हणाली, "तिने सेफेरिनाला पाहिलंय?"

"नाही. त्या फक्त तुकडा बघतात."

"माणूस नाही बघत."

"तुकड्यातूनच माणसाचं कळतं, आजी."

"आणि तुला तेच व्हायचंय."

फाउस्तोने दुसरीकडे पाहिलं. नोएमी म्हणाली, "हो. बहुतेक."

"म्हणजे माणसाकडे न बघणारी."

 आजीने लोकरीचा धागा तोडला आणि टकळी मांडीवर ठेवली.

"समजा मी काढून दिलं. समजा वाईट निघालं. मग सेफेरिनाला कोण सांगणार? ती डॉक्टर?"

"नाही. त्या कागदावर लिहून देतात. सर्जन सांगतो."

"तो कोण? आपली भाषा येते त्याला?"

"नाही."

"म्हणजे तू बघणार, तुला आधी कळणार, आणि तू तोंड बंद ठेवून घरी येणार. तिच्या हातचं जेवणार. मग कोणीतरी परका पुरुष तिला सांगणार." आजी उठली, गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. "तू सांगणार असशील तर काढते. तूच, आपल्या भाषेत, समोर बसून. नाहीतर राहू दे तिथेच. मातीला तरी माहीत आहे ते कोणाचं आहे."

पहिले थेंब अंगणात पडले. नोएमीला पावसाची भीती नव्हती असं नाही, पण त्या क्षणी तिला वॉर्डातला म्हातारा आणि त्याचा प्रश्न आठवला. ती "बघू" म्हणू शकली असती. आजीने तेवढ्यावरच काढून दिलं असतं, असं फाउस्तोला आजही वाटतं. नोएमी म्हणाली, "सांगेन."

"चांगलं असो की वाईट."

"दोन्ही."

जागा मेंढ्यांच्या गोठ्याच्या भिंतीलगत होती, वर सपाट दगड ठेवलेला. दगड फाउस्तोने उचलला, माती आजीने स्वतः हाताने काढली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. आत पांढऱ्या लोकरीत गुंडाळलेली पुरचुंडी होती. कोकाची पानं, साखरेच्या गोळ्या आणि राखाडी झालेला तुकडा. आजीने पानं बाजूला केली. काळा आखूड दोरा जागेवर होता. नोएमीने बरणी पुढे धरली. आजीने तुकडा आत सोडला आणि रिकामी लोकर पुन्हा खड्ड्यात ठेवून माती लोटली. तोवर पावसाने जोर धरला होता.

डॉक्टर उरियोस्तेंनी तो भाग घेतला, दोन्ही अर्धे पाटावर शेजारी शेजारी ठेवले आणि सपाट बाजू एकमेकींना भिडवल्या. नीट जुळल्या. नव्या अर्ध्याच्या मधोमध पांढरट, कडक असं काहीतरी होतं, कडेला चरबीत पाय पसरलेलं.  नोएमीने विचारलं नाही. पहिल्या वर्षाच्या पोरीला नुसत्या डोळ्यांनी कळावं असं ते नव्हतं, पण तिने डॉक्टरांचा चेहरा पाहिला होता.

पट्ट्या तयार व्हायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत नोएमी घरी मावशीच्या हातचं शेंगदाण्याचं सूप प्यायली आणि बाजारात तिच्या जागी बसून मका विकला. सेफेरिनाने एकदाही विचारलं नाही. वर्गात हाडांची नावं पाठ करताना नोएमी एकाच हाडावर अडून बसायची.

शुक्रवारी डॉक्टरांनी मायक्रोस्कोपवरून मान उचलली. "बस."

नोएमीने भिंगाला डोळे लावले. आधी पाहिलेल्या नीट रांगा इथे नव्हत्या. पेशी एकमेकींवर चढलेल्या, काही मोठ्या, काही लहान, कुठेही घुसलेल्या.

"कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "लहान आहे. तुझ्या काकांनी मधून कापलं, त्यामुळे त्या बाजूची कड मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. बाकीच्या कडा साफ आहेत. सर्जनला पुन्हा थोडं काढावं लागेल, काखेतल्या गाठी बघाव्या लागतील, मग औषधं. हे मी लिहिते. सोमवारी तो बोलावून सांगेल."

"मी आज सांगू का?"

"ते आपलं काम नाही."

"कबूल केलंय मी."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मग नीट सांग. काय माहीत आहे तेवढंच. माहीत नाही ते माहीत नाही म्हण. आणि रडू नको. ती रडली तर तिची वेळ आहे, तुझी नाही."

सेफेरिना दाराशी स्टुलावर बसून बाकला सोलत होती. उजवा हात अजून वर जात नव्हता, म्हणून टोपली मांडीवर घेतली होती. नोएमी समोर जमिनीवर बसली आणि तीही सोलू लागली. दोन-तीन शेंगा झाल्यावर सेफेरिना म्हणाली, "तुझ्या आजीने फोनवर सांगितलंय मला, तू सांगणार म्हणून. मग सोलतेस काय, सांग."

"वाईट आहे, मावशी."

सेफेरिनाचे हात थांबले. नोएमीने तिच्याकडे पाहिलं आणि नजर तिथेच ठेवली.

"तू स्वतः पाहिलंस?"

"डॉक्टरांनी आधी. मग मी."

"मरणार का मी?"

हा वॉर्डातल्या म्हाताऱ्याचाच प्रश्न होता. पण या वेळी समोरचा हात तिला थोपटायला पुढे आला नाही. मावशी वाट बघत होती. "माहीत नाही," नोएमी म्हणाली. "लहान आहे. लहान असलेल्या बऱ्याच जणी बऱ्या होतात. अजून थोडं कापावं लागेल, मग औषधं. केस जातील कदाचित. काखेत गेलंय का, ते अजून माहीत नाही. कळेल तेव्हा मी सांगेन."

सेफेरिनाने टोपलीतल्या शेंगा एका बाजूला सारल्या, पुन्हा दुसऱ्या बाजूला. रस्त्यावरून मिनीबस गेली. पोऱ्या दारातून बाजाराचं नाव ओरडत होता.

"आईने नेमकं तेच अर्धं उचललं," ती शेवटी म्हणाली. "चांगलं होतं ते तुम्हाला पाठवलं." ती हसायला गेली, पण जमलं नाही. मग डोळे पुसून तिने टोपली खाली ठेवली. "फाउस्तो पाच वाजता येईल. त्याला वाटतंय सगळं त्याच्यामुळे झालं. त्याला तू सांग."

"मावशी, तू सांगितलंस तर—"

"मला जमणार नाही. मला तुझ्यासारखं सांगता येणार नाही." तिने भाचीचा हात धरून स्वतःला उभं केलं. "माझ्याशेजारी बस आणि मला सांगितलंस तसंच सांग. आणि नोए, त्याला आधी बसायला सांग."